शेवंता, माई आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी सतरंज्या घालण्याच्या आणि चहाच्या कपबशा मोजण्याच्या कामात असते. यंदा चिटणीसबाईंनी मला बोलायला उभे केले आहे. मी सातवी शिकलेली, घर सांभाळणारी बाई. वक्तृत्व म्हणजे काय ते मला ठाऊक नाही. तेव्हा बोलण्यात काही चुकले तर घरची म्हणून पदरात घ्यावे, ही पहिलीच विनंती.

विषय कोणता घ्यावा म्हणून विचारले, तर अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला जे मनापासून सांगायचे असेल ते सांगा." मनापासून सांगायचे असे माझ्याजवळ एकच आहे आणि ते एका टीव्हीवरच्या मालिकेपासून सुरू होते. मालिकेवर भाषण कसले, असे कोणाला वाटेल. पण भगिनींनो, आपल्या घरी पोथी वर्षातून एकदा निघते आणि मालिका रोज रात्री लागते. तिने आपल्याला काय दिले आणि आपण तिचे काय केले, याचा हिशेब एकदा मांडायला हरकत नाही.

मालिका म्हणजे 'रात्रीस खेळ चाले'. तिचा पहिला भाग झी मराठीवर २०१६ सालच्या फेब्रुवारीत सुरू झाला. कोकणातले नाईकांचे घर. अण्णा नाईक मरण पावतात आणि त्यांच्या मरणानंतर घरात एकेक अघटित घडू लागते. चित्रीकरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या आकेरी गावी, एका खऱ्या जुन्या वाड्यात झाले होते. चिऱ्याच्या भिंती, फणसाची झाडे, सतत ओले अंगण. आपण यवतमाळ जिल्ह्यातल्या बाया. आपले डोळे काळ्या मातीला आणि पऱ्हाटीला सवयलेले. तरी ते घर आपल्याला आपलेच वाटू लागले. बोली त्यांची मालवणी. आपण 'मले, तुले' म्हणणाऱ्या, पण महिनाभरात आपल्या गल्लीत 'माका, तुका' सुरू झाले. भाजी निवडतानाही कोणी तरी म्हणे, "माका सांबार दे गो," आणि सगळ्या हसत.

पहिल्या भागाने आपल्याला काय दिले, तर भीती दिली. रात्री साडेदहाला मालिका लागे. आमच्या सासूबाई आधी मागचे दार लावून घेत आणि मग बसत. जाहिरात लागली तरी पाणी प्यायला कोणी एकटे उठत नसे. चकव्याच्या गोष्टी लहानपणी ऐकल्या होत्या, त्या सगळ्या पुन्हा आठवल्या. त्या वेळी कोकणातल्या काही लोकांनी आक्षेपही घेतला होता की अशाने अंधश्रद्धा वाढते आणि कोकणचे नाव खराब होते. आपल्या राज्यात २०१३ सालीच जादूटोणाविरोधी कायदा झाला आहे, त्यामुळे त्यांचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते. पण खरे सांगायचे तर आपली भीती दुसऱ्या दिवशीच्या उन्हात विरून जाई. तिने कोणाचे वाईट झालेले मी पाहिले नाही.

दुसऱ्या भागाने मात्र वेगळे घडले.

हा दुसरा भाग जानेवारी २०१९ मध्ये, संक्रांतीच्या दिवसांत सुरू झाला. आपल्याला वाटले होते की गोष्ट पुढे जाईल. ती मागे गेली. मेलेले अण्णा जिवंत होऊन आपल्यासमोर उभे राहिले. त्यांची तरुणपणची कर्मे, त्यांचा दरारा, लोकांच्या जमिनी बळकावणे, वाटेत येईल त्याचा काटा काढणे, घरात माईचा छळ आणि बाहेर शेवंताचा नाद. अण्णांचे काम माधव अभ्यंकर यांनी केले, माईचे शकुंतला नरे यांनी आणि शेवंताचे अपूर्वा नेमळेकर यांनी. विसराळू पांडूचे काम करणारे प्रल्हाद कुडतरकर हे मालिकेचे लेखकही होते. सगळ्यांची कामे अशी झाली की पाहणाऱ्याने विसरू नयेत.

कीर्तनात हरिश्चंद्राचे आख्यान लागले की त्याचा शेवट लहान पोरालाही ठाऊक असतो, तरी तारामती विकली जाते तेव्हा डोळे भरून येतात. या दुसऱ्या भागाचे तसेच होते. हा माणूस मरणार, हे घर पिशाच्चांनी झपाटणार, हे आपल्याला तीन वर्षे आधी कळलेले होते. त्यामुळे भीती कमी झाली आणि पाहणारी प्रत्येक बाई आपापल्या मनाप्रमाणे बाजू घेऊ लागली. हे मला फार मौजेचे वाटे. आमच्याच गल्लीतल्या बाया काय काय म्हणत, ते सांगते.

सासूबाई अण्णांना रोज शिव्या घालत आणि अण्णा दिसले नाहीत तर "आज आला नाही का तो मेला?" म्हणून विचारत. शेजारच्या काकू माईवर चिडत. म्हणत, "काहून सहन करते ते? एक डाव खराटा घेऊन उभी राह्यली असती तं त्याची हिंमत झाली नसती." ह्याच काकू काकाजींचे ताट वाढून झाल्याशिवाय स्वतः कधी जेवल्या नाहीत. माझी मुलगी तेव्हा बारावीला होती. तिचे आणि तिच्या मैत्रिणींचे लक्ष शेवंताच्या साड्यांकडे, अंबाड्याकडे आणि चालण्याकडे. एक नवी सून म्हणाली, "शेवंताचा काय दोष? तिला त्यानेच नादी लावले ना!" तर लगेच दुसरी म्हणाली, "ती गेलीच कशाला?" पुरुषमंडळी पानठेल्यावर अण्णांच्या आवाजाची नक्कल करीत. मोबाइलवर अण्णा आणि शेवंताचे विनोद सकाळी चहाच्या आधी येत. आणि मी? मी माईच्या बाजूची होते. माई चुलीपुढे बसली की मला माझी आई दिसे. वडिलांच्या हाका आणि आईचा पदर, हे मी लहानपणी पाहिलेले आहे. म्हणून शेवंता पडद्यावर आली की माझ्या कपाळाला आठी पडे.

आता मागे वळून पाहते तेव्हा एक गोष्ट ध्यानात येते. कोणी माईची कीव केली, कोणी शेवंताला बोल लावला, कोणी दोघींनाही नावे ठेवली. आम्ही बाया दोन पक्षांत वाटल्या गेलो आणि भांडलो. पण ज्याने माणसे मारली, जमिनी लुबाडल्या आणि दोन बायांचे वाटोळे केले, तो अण्णा नाईक मात्र सगळ्यांचा लाडका झाला. त्याच्यावर रागावूनही आम्ही त्याची वाट पाहत असू. नट चांगला होता हे खरेच. पण सगळे काही नटाच्या माथी मारून चालणार नाही. पुरुषाचा अपराध दाराबाहेर ठेवायचा आणि न्याय करायला दोन बाया घरात आणायच्या, ही आपली जुनी खोड आहे.

आता जे सांगायचे ते सांगते. यात जिची गोष्ट आहे तिला विचारून सांगत आहे. तिचे नाव मी घेणार नाही. ती आज या सभेत आहे की नाही, तेही सांगणार नाही.

आपल्यापैकीच एक बाई. नवरा कपाशीच्या कर्जापायी गेला. पदरात एक मुलगा. सासरच्यांनी वावरात वाटा दिला नाही. ती माहेरी न जाता इथेच एका खोलीत राहिली आणि फॉल-पिको, ब्लाउज शिवून पोट भरू लागली. शिवणारी बाई, तेव्हा कपडे नीटनेटके. खोलीपुढे चार कुंड्या ठेवलेल्या, त्यात शेवंतीही होती. एखादे वेळी तिने केसांत फूल घातलेले दिसे. झाले, तेवढे आम्हाला पुरे होते.

२०१९ च्या महालक्ष्मीचे हळदीकुंकू माझ्या घरी होते. आंबील, पुरण, सोळा भाज्या, सगळा थाट. तिला बोलावले नव्हते, कारण ती विधवा. अकरा जणी ओसरीवर बसल्या होत्या. तेवढ्यात ती शिवणाची पिशवी घेऊन रस्त्याने गेली. तिच्या केसांत पिवळे फूल होते. आणि मी म्हणाले, "ती पाहा, चालली आपली शेवंता."

भगिनींनो, अकराही जणी हसल्या. मला बरे वाटले. सातवी शिकलेल्या बाईच्या बोलण्यावर एवढ्या जणी हसल्या की तिला आपण फार हुशार झाल्यासारखे वाटते.

त्या दिवशी मी तसे का बोलले? पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत होते की थट्टा होती, मालिकेची सवय जिभेला लागली होती. ते खरे नव्हे. त्याच्या आठ दिवस आधी आमचे यजमान तिच्या वीजबिलाचा काही घोटाळा होता तो समजावून द्यायला पाच मिनिटे तिच्या दारात उभे राहिले होते आणि घरी येऊन म्हणाले होते, "बाई हिकमती आहे, एकटीने सगळं करते." एवढेच. मला ते लागले. वीस वर्षांत माझ्याबद्दल तसे कधी म्हटलेले मी ऐकले नव्हते. रोज रात्री मी माईची बाजू घेत होते ना, त्या रात्री मी स्वतःच माई झाले आणि समोर कोणी शेवंता नव्हती म्हणून एक करून घेतली.

नाव पसरायला वेळ लागत नाही. ओसरीवरून ते विहिरीवर गेले, तिथून पानठेल्यावर. पोरे तिच्या खोलीवरून जाताना अण्णांच्या आवाजात हाका मारू लागली. कोजागरीच्या सुमारास तिचा मुलगा माझ्याकडे दळणाचे पैसे द्यायला आला. पाचवीत होता. पैसे हातात दिले आणि उभाच राहिला. म्हणाला, "काकू, शेवंता म्हंजे काय असते? पोरं माह्या मायले म्हंतात." मी त्याच्या हातावर चिवडा ठेवला आणि "काही नाही रे, फूल असते," असे सांगून त्याला लावून दिले. तो म्हणाला, "मग ते हासतात काहून?" याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

दिवाळीनंतर ती आपल्या भिशीला यायची बंद झाली. कोणी विचारलेही नाही.

याच साली जानेवारीत आपल्या यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते, हे आपल्याला आठवत असेल. अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतल्यावरून मोठा गदारोळ झाला आणि शेवटी उद्घाटन केले ते आपल्याच जिल्ह्यातल्या, कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. त्याही शेतकऱ्याच्या विधवा. शेतकरी घरातल्या एकल स्त्रियांनी काम केलेल्या 'तेरवं' या नाटकातही त्या होत्या. त्या दिवशी आमच्या गल्लीत सगळ्यांना अभिमान वाटला. मीही म्हणाले होते, "पाहा, आपली बाई कुठे जाऊन बोलली!" आणि त्याच वर्षी, त्याच तोंडाने, दारावरून जाणाऱ्या तशाच एका बाईला मी ते नाव दिले. दूरच्या व्यासपीठावरची विधवा आपल्याला मोठी वाटते. तीच गल्लीत राहत असेल तर तिने केसांत फूल घातलेले आपल्याला खपत नाही.

पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. मालिकांची चित्रीकरणे थांबली. नवे काही लागेना, तेव्हा मुलगी मोबाइलवर या मालिकेचे जुने भाग मला लावून देई. दुपारी एकटीने, जाहिरातीशिवाय, शेजारणीशिवाय मी ते पुन्हा पाहिले. तेव्हा हसायला कोणी सोबत नव्हते. एकटीने पाहताना मला शेवंता पहिल्यांदा दिसली. म्हणजे तिच्या साडीच्या आतली बाई दिसली. तिला घरही हवे आहे, मानही हवा आहे आणि हे दोन्ही देईन म्हणणारा माणूस तिला फक्त झुलवतो आहे. माईजवळ निदान कुंकू आहे. हिच्याजवळ तेही नाही. दोघी एकाच माणसाच्या हाताने मरत आहेत, एक हळूहळू आणि एक लवकर.

जुलैत नवे भाग पुन्हा सुरू झाले आणि ऑगस्टमध्ये दुसरा भाग संपला. सगळ्या जणी शेवटाबद्दल बोलत होत्या. मी त्या आठवड्यात तिच्या खोलीवर गेले. ती मास्क शिवत बसली होती. उंबऱ्यात उभी राहून मी सांगितले की ते नाव मी ठेवले, पहिल्यांदा माझ्या तोंडून निघाले. तिने मशीन थांबवली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मले मालूम हाय, वहिनी. पण मी तं ते मालिका पाह्यलीच नाही. टीव्ही इकून हे मशीन घेतली होती."

भगिनींनो, जिला आम्ही वर्षभर शेवंता म्हणत होतो तिला शेवंता कोण हेच माहीत नव्हते. तिने मला विचारले, "कशी होती ते बाई? वाईट होती का?"

मी म्हणाले, "नाही. दिसायला छान होती."

"अन् शेवटी काय होते तिचं?"

मी म्हणाले, "मरते."

"अन् त्या माणसाचं?"

"तोही मरतो. पण लोकांना तो फार आवडतो."

यावर ती हसली. मग तिने चहा ठेवला. चहा पिताना ती एवढेच बोलली, "तुमी म्हटलं म्हणून सगळे म्हंत होते. आता तुमीच बंद करजा."

ते सोपे नव्हते. त्या दिवशी ओसरीवर बसलेल्या अकराही जणींकडे मी एकेक करून गेले आणि सांगितले की ते नाव आता नको. दोघी रडल्या. एकीने "एवढं काय मनावर घेता?" म्हणून मलाच समजावले. एकीने दार लोटून घेतले. पानठेल्यावर मी जाऊ शकत नव्हते, तिथे यजमान गेले. हे मी त्यांना कसे सांगितले आणि ते काय म्हणाले, तो आमच्या घरातला भाग आहे, तो घरातच राहू द्यावा. नाव ठेवायला मला एक क्षण लागला होता. ते पुसायला दोन वर्षे लागली आणि अजूनही एखादे पोर मधूनच हाक मारते.

२०२१ साली मालिकेचा तिसरा भाग आला. त्यात अण्णा आणि शेवंता दोघेही भुते झालेली. पुढे शेवंताचे काम करणारी नटी बदलली आणि अपूर्वा नेमळेकर यांच्या जागी कृतिका तुळसकर आल्या. तेव्हा आपल्या बायांनी किती गिल्ला केला! "ही आमची शेवंता नव्हे. तिच्यासारखी दुसरी होणार नाही." मला तेव्हा वाटले, पडद्यावरच्या बाईच्या जागी दुसरी बाई आलेली आपल्याला चालत नाही. आणि गल्लीतल्या जित्या बाईच्या जागी पडद्यावरची आणून बसवली, ते मात्र आपल्याला वर्षभर चालले.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनेही परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तसे करायला सांगितले. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे हे बंद करावे असा तो ठराव. आपल्या मंडळातही त्यावर चर्चा झाली. वाद झाला, दोन सभासद वर्षभर रुसल्या, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आपण सर्वांसाठी हळदीकुंकू ठेवले. पहिल्या वर्षी ती आली नाही. दुसऱ्या वर्षी आली आणि दाराजवळ बसली. मी तिला आत बोलावले नाही. तिला जिथे बसावेसे वाटले तिथे तिने बसावे, एवढे तरी मी आता शिकले होते. वाण घेऊन ती गेली. तिच्या केसांत तेव्हा फूल नव्हते, ते मी पाहिले. त्याचा दोष माझा आहे, हेही मला कळले.

कोणी म्हणेल, मग अशा मालिका पाहूच नयेत. मी तसे म्हणणार नाही. मी अजूनही पाहते. दिवसभर राबून थकलेल्या बाईला रात्री अर्धा तास भ्यायला, रडायला, हसायला मिळाले तर त्यात वाईट काय? ती गोष्ट लिहिणाऱ्यांनी आणि त्यात काम करणाऱ्यांनी आपले काम चोख केले. शेवंता त्यांनी पडद्यावर ठेवली होती. तिला उचलून रस्त्यावर मी आणले. माझी विनंती एवढीच आहे की पाहताना ज्या बाईचा आपल्याला राग येतो तिच्याकडे एकदा एकटीने, कोणी हसायला सोबत नसताना, पाहावे. आणि गल्लीतल्या बाईला हाक मारायची तर तिच्या आईबापांनी ठेवलेल्या नावाने मारावी.

पुष्कळ वेळ घेतला. चहा निवत असेल. तो करायला या वर्षी मी नव्हते, तेव्हा ज्या भगिनींनी केला त्यांचे आभार मानते. 

जय हिंद.